गाडीच्या आधी माहिती पोचू द्या : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

हायवेला लागून माझी चहाची टपरी आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन आठवडे बाजारात एक पिकअप घुसली, मागे सायरन वाजवत पोलिसांची गाडी. भाजीवाल्या मावशीने हातातला तराजू टाकून नातवाला मागे ओढले, म्हणून पोर वाचले. पिकअपमध्ये गुटखा होता, असे नंतर कळले. गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि ती हवीच. पण चार पोत्यांसाठी बाजारातून दोन गाड्या अशा सोडायच्या?

चालक हवालदाराला मी बोल लावत नाही. समोरची गाडी सुटली तर साहेब विचारणार. तो ॲक्सिलरेटरच दाबणार.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. अतिरेक्यांनी पळवलेल्या स्कोडाची खबर वायरलेसवर आली आणि गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत ती गाडी अडली. गाडीच्या आधी माहिती पोचली होती. तुकाराम ओंबळे यांच्या हातात मात्र तेव्हा नुसती लाठी होती. म्हणून साधनांचे पैसे मागताना मला संकोच वाटत नाही.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या नंबरप्लेट सक्तीच्या केल्यात, आम्ही पदरचे पैसे भरून त्या बसवल्या. आता त्या वाचणारे कॅमेरे तालुक्याच्या रस्त्यांवर आणि राज्याच्या सीमेवरच्या नाक्यांवरही लावा, आणि ते ११२ च्या कंट्रोल रूमला जोडा. चलान तर कॅमेऱ्यातून बिनचूक घरपोच येते! खोटी प्लेट लावणारे निघतीलच. त्यांच्यासाठी अमेरिकेतले एक साधन आजमावून पाहण्यासारखे आहे : पोलीस गाडीच्या पुढच्या जाळीतून चिकट जीपीएस पुढच्या गाडीवर मारतात आणि स्वतः मागे राहतात. पळणारा कुठे चालला, ते नकाशावर दिसत राहते.

तिकडे ही गरज उगीच पडलेली नाही. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या तिथल्या वृत्तपत्राने मोजले, तेव्हा २०१७ ते २०२२ या काळात पोलीस पाठलागांत किमान ३,३३६ माणसे गेली होती. त्यात पाचशेहून अधिक जणांचा त्या पाठलागाशी काडीचाही संबंध नव्हता. आपल्याकडची अशी मोजणी मला कुठे वाचायला मिळालेली नाही. ती दरवर्षी सभागृहात ठेवा.

यंत्रे घेऊन भागणार नाही. खुनी किंवा अपहरण करणारा पळत असेल तर गोष्ट वेगळी. गुटखा, वाळू, विना हेल्मेट यांसाठी वस्तीत पाठलाग नको, हे लेखी द्या. वायरलेसवर ‘सोडून दे’ म्हणणारा अधिकारी कोण, तेही त्यातच लिहा. गाडी सोडली म्हणून हवालदाराला मेमो मिळणार नाही, एवढे त्याला कळू दे. आणि कॅमेऱ्यात टिपलेली आमची ये-जा किती दिवस ठेवणार, ते आधी जाहीर करा. आम्ही चोर नाही.

हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील. निदान दोन जिल्ह्यांपुरती तरतूद त्यात दिसू दे. आमचा बाजार अजून रस्त्यावरच भरतो.

आपला,
हायवेवरचा एक चहावाला