शिबिरानंतरचे सहा आठवडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर रोटरी, लायन्स, इनरव्हील आणि तशाच इतर सेवाभावी क्लबांच्या पदग्रहण समारंभांच्या बातम्या येऊ लागतात. नवे अध्यक्ष, नवे सचिव, प्रांतपालांची उपस्थिती आणि वर्षभराच्या संकल्पित उपक्रमांची यादी असे त्यांचे स्वरूप असते. त्या जरूर छापाव्यात, कारण तालुक्याच्या गावात चार माणसे एकत्र येऊन काही चांगले करू पाहतात, ही दखल घेण्याजोगीच गोष्ट आहे. जळगाव जिल्ह्यातील अशाच एका गावी मी पुष्कळ वर्षे क्लबचा सभासद आहे आणि या कामावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच एक मुद्दा आपल्या स्तंभातून मांडावासा वाटतो. क्लबच्या सेवेचा मोठा भाग शिबिर आटोपल्यानंतर सुरू होतो. त्या भागाला लागणारी माणसे क्लबच्या नियमित बैठकीतून घडतात, आणि नेमकी ती बैठकच आपल्याकडे दिवसेंदिवस क्षीण होत चालली आहे.

मोतीबिंदूच्या शिबिराचे उदाहरण घेतो. अंध आणि बधिर असलेल्या प्रख्यात लेखिका हेलन केलर यांनी 1925 साली लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले, तेव्हापासून नेत्रसेवा ही त्या संस्थेची ओळख बनली आणि आपल्या भागात तर कोणताही क्लब असो, वर्षातून एखादे नेत्रशिबिर त्याच्या यादीत असतेच. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात तपासणी होते, निवडलेल्या रुग्णांना दुपारी गाडीत बसवून रुग्णालयात नेले जाते आणि शस्त्रक्रिया झाली की काळा चष्मा लावून, हातात औषधाची पिशवी देऊन त्यांना गावी सोडले जाते. फोटो इथपर्यंतचेच निघतात. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे डोळ्यात थेंब टाकायचे असतात, सुरुवातीला दिवसातून अनेक वेळा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे कमी करत. डोळ्याला पाणी लागू द्यायचे नसते, चुलीच्या धुरापासून जपायचे असते, जड उचलायचे नसते, आणि डोळा लाल झाला, ठणकू लागला किंवा नजर अंधूक झाली तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. जिचा मुलगा सुरतेला कामाला आहे आणि जी घरात एकटी राहते, त्या म्हातारीच्या डोळ्यात हे थेंब कोणी टाकायचे? तिचा दुसरा डोळाही अधूच असतो. फेरतपासणीची तारीख कापूस वेचणीच्या दिवसांत आली, तर मजुरीला जाणारी बाई ती तारीख हमखास सोडते, कारण एक दिवसाचा रोज बुडवून आणि एस.टी.चे भाडे भरून तालुक्याला येणे तिला जड जाते.

आमच्याकडे एकेकाळी या कामाची घडी चांगली बसलेली होती. शिबिरानंतरच्या आठवडी बैठकीत रुग्णांची यादी एकेक नाव घेऊन वाचली जाई. औषधाचे दुकान असलेले सभासद सांगत, की अमुक गावच्या आजींची पहिली बाटली एव्हाना संपायला हवी होती, पण दुसरी घ्यायला कोणी आलेले नाही. त्यावर कृषी केंद्र चालवणाऱ्या सभासदाला आठवे, की त्या आजींच्या शेजारचा शेतकरी आपल्याकडे खताला येतो; तो लगेच फोन लावे. बँकेतले एक अधिकारी वसुलीसाठी त्याच रस्त्याला जाणार असत, ते बाटली बरोबर नेत. शाळेतले गुरुजी सातवीतल्या एखाद्या समजूतदार मुलीला हात स्वच्छ धुऊन, खालची पापणी किंचित ओढून, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देता थेंब कसा टाकायचा हे नीट दाखवत, आणि ती मुलगी शाळेत जाता-येता शेजारच्या आजींकडे डोकावत असे. यातले काहीही प्रकल्प अहवालात बसण्यासारखे नव्हते. हे घडे ते निरनिराळ्या धंद्या-व्यवसायांतली माणसे दर आठवड्याला एका सतरंजीवर बसत म्हणून.

रोटरीच्या मूळ रचनेतच हे आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघा परिचितांना बरोबर घेऊन पहिली बैठक भरवली, तेव्हा त्यामागे मोठ्या शहरातला एकटेपणा आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लावण्याची इच्छा एवढेच होते. समाजसेवेचा विचार नंतर आला. 1906 मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद होण्याचे निमंत्रण मिळाले, त्या वेळी सभासदांपलीकडे कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या मंडळात आपल्याला रस नाही असे त्याने सांगितले आणि त्याचे म्हणणे मंडळींना पटले. पुढच्याच वर्षी या क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून पुढाकार घेतला. (आठवडे बाजाराला खेड्यातून येणाऱ्या बायाबापड्यांची दिवसभर जी कुचंबणा होते, ती पाहता हा इतिहास आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक नव्या अध्यक्षाने वाचावा असे मला कळकळीने वाटते.) मैत्री आधी आली आणि सेवा तिच्यातून निघाली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रत्येक व्यवसायातून माणूस घेण्याच्या पद्धतीमागचे शहाणपणही यातच आहे, कारण वीस डॉक्टरांच्या मंडळाला जे जमणार नाही, ते एक डॉक्टर, एक रिक्षामालक, एक शिक्षक आणि एक किराणा दुकानदार मिळून सहज करतात.

आज परिस्थिती अशी आहे, की 2016 पासून रोटरीच्या नियमांत सवलत मिळून महिन्यातून किमान दोन बैठका पुरेशा मानल्या जातात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या दोनही कशाबशा होतात. उरलेला व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पोहोचतो, वर्गणीही गोळा होते, परंतु कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण हल्ली गप्प गप्प असतो, कोणाला कोणते काम मनापासून आवडते, हे समोरासमोर बसल्याखेरीज कळत नाही. ज्याच्याशी आपला असा परिचय नाही, त्याला रात्री अकरा वाजता 'अमक्या वस्तीवर गाडी घेऊन चल' असे सांगायला जीभ रेटत नाही.

काही जणांना क्लबांच्या स्नेहभोजनांचा आणि सहलींचा राग येतो. सेवा करायची तर जेवणावळी कशाला, असे ते विचारतात. मला तो राग पटत नाही. हिवाळ्यात एखाद्या सभासदाच्या शेतात सगळ्यांनी सहकुटुंब जमावे, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजावीत, ती सोलायला डॉक्टर आणि गॅरेजवाले शेजारी बसावेत, भरीत-पुरी आणि कळण्याची भाकरी खाऊन संध्याकाळी परतावे, यात गैर काय आहे? आपल्याकडे कानबाईच्या रोटांना पांगलेली भाऊबंदकी एकत्र येते आणि वर्षभराचे रुसवेफुगवे तिथे निवळतात. क्लबलाही असे एकत्र येणे लागते. आक्षेप घ्यायचा तर तो हॉटेलातल्या महागड्या जेवणावर घ्यावा, कारण त्याचा खर्च वार्षिक वर्गणीत धरला जातो आणि तेवढ्या वर्गणीमुळे खाजगी शाळेतला शिक्षक, एस.टी.चा वाहक, दवाखान्यातली परिचारिका, दोन एकरवाला केळी उत्पादक ही सगळी मंडळी बाहेर राहतात. शिबिराच्या दिवशी खरे तर हीच माणसे राबतात. बैठक शाळेच्या खोलीत चहा-पोह्यांवर घ्यावी, भोजनाचा खर्च ज्याचा त्याने वेगळा द्यावा, आणि ज्यांना वर्गणी झेपत नाही त्यांनाही स्वयंसेवक म्हणून बैठकीत मानाने बसवावे व बोलू द्यावे, अशी माझी सूचना आहे. महिलांबाबतही हेच म्हणेन. रोटरीने 1989 मध्येच महिलांना सभासदत्व खुले केले, तरी तालुक्याच्या गावी त्यांची संख्या अजून फार थोडी आहे.

चिकाटीने केलेल्या पाठपुराव्याने काय साधते, हे आपल्या देशाने पोलिओच्या बाबतीत पाहिले आहे. रोटरीने 1985 मध्ये पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला, भारतात 1995 मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशाचे मोठे श्रेय आरोग्य कर्मचाऱ्यांचे आणि अंगणवाडी सेविकांचे आहे. क्लबांनी गाड्या दिल्या, निधी दिला, बूथवर माणसे उभी केली. त्या मोहिमेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे दारावरची खडूची खूण. ज्या घरातल्या सर्व मुलांना डोस मिळाला तिथे 'पी' लिहीत आणि जिथे एखादे मूल बाहेरगावी, शेतात किंवा झोपलेले म्हणून राहून गेले तिथे 'एक्स'. मग तेच पथक पुन्हा त्या 'एक्स'च्या घरी जाई, गरज पडली तर आणखी एकदा जाई. वीटभट्ट्यांवर, ऊसतोड मजुरांच्या खोपट्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर हे दुसऱ्यांदा जाणेच निर्णायक ठरले. आपल्या क्लबांच्या उपक्रमांत अशी राहून गेलेल्यांची यादी कोण ठेवतो, असा प्रश्न मला पडतो. अध्यक्ष दर वर्षी बदलतो आणि प्रत्येकाला स्वतःचा नवा उपक्रम हवा असतो; त्यामुळे मागच्या वर्षी शाळेला दिलेले पाणी शुद्धीकरण यंत्र फिल्टर न बदलल्याने बंद पडले, तरी ते कोणाच्याच खात्यात येत नाही.

हा मुद्दा आत्ताच मांडण्याचे तातडीचे कारण रक्तदानाचे आहे. 15 ऑगस्टला आणि त्याच्या आगेमागे जिल्ह्यात ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतील. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला 90 दिवस आणि स्त्रीला 120 दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे गावातल्या सर्व उत्साही दात्यांनी त्याच आठवड्यात रक्त दिले, तर त्यांतले पुरुष नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि स्त्रिया डिसेंबरपर्यंत बाद. इकडे तांबड्या पेशींची पिशवी 35 ते 42 दिवसच टिकते आणि प्लेटलेट्स तर जेमतेम 5 दिवस, तेव्हा ऑगस्टमध्ये जमलेले रक्त सप्टेंबर सरेपर्यंत संपते. सगळ्यात बिकट काळ मे महिन्याचा असतो. आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई, कॉलेजच्या सुट्या आणि 45 अंशांकडे झुकणारे ऊन यांमुळे त्या दिवसांत शिबिरे होत नाहीत, पण थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. नंदुरबारच्या आणि चोपडा-यावलच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत, बाळंतपणातला रक्तस्राव आहे, महामार्गावरचे अपघात आहेत. यांतले काहीच मे महिन्यात थांबत नाही.

याला उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. गावातल्या सर्व क्लबांच्या सचिवांनी एकदा एकत्र बसून, आपापल्या दात्यांच्या याद्या रक्तगटासह समोर ठेवून त्यांचे गट पाडावेत: पहिला गट ऑगस्टसाठी, दुसरा दिवाळीनंतर, तिसरा फेब्रुवारीत, चौथा मेसाठी राखून. मे महिन्यातले शिबिर सकाळी सात ते दहा या वेळात, पंख्याच्या आणि पाण्याच्या सोयीसह घेता येते. मात्र राखून ठेवलेल्या दात्याला आठ-नऊ महिन्यांनी आठवण करून देणारे, त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन येणारे माणूस लागते, आणि तेव्हा क्लबचा अध्यक्ष बदलण्याच्या बेतात असतो. त्यासाठीच म्हणतो की बैठक टिकली पाहिजे, यादी दर बैठकीत वाचली गेली पाहिजे आणि ती नव्या सचिवाच्या हाती रीतसर सोपवली गेली पाहिजे.

आपल्या दैनिकाला दोन विनंत्या आहेत. पदग्रहणाची बातमी छापताना त्याच क्लबच्या मागील वर्षीच्या एका उपक्रमाचे आज काय झाले, हे दोन ओळींत विचारून छापावे. आणि मेमधील रक्तदान शिबिरांच्या तारखा जिल्ह्यातील सर्व क्लबांकडून आताच, या ऑगस्टच्या शिबिरांआधी मागवून त्या एकत्र प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे दात्यांची विभागणी कशी करायची हे त्या त्या गावाला वेळेत ठरवता येईल. आमच्या क्लबच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असे पत्र मी सचिवांना दिले आहे.

आपला विश्वासू,
एक सभासद व निवृत्त शिक्षक,
जि. जळगाव