ती कोरी दहा मिनिटं

महोदय,

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’चा (१९२६) शेवट, म्हणजे कथा सांगणारा निवेदकच खुनी निघणं, ही वाचकाची शुद्ध फसवणूक, असं अजूनही ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही चिडून पुस्तक मिटलं होतं. मग चौथं प्रकरण पुन्हा काढलं. पत्रं आली नऊला वीस कमी असताना, निवेदक अ‍ॅक्रॉइडच्या खोलीबाहेर पडला नऊला दहा कमी असताना. मधल्या दहा मिनिटांबद्दल चकार शब्द नाही! लेखिकेने सगळं डोळ्यांसमोर ठेवलं होतं, मीच भरभर पुढे गेलो. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनीही या शेवटाची बाजूच घेतली होती. माझा राग तिथेच निवळला आणि कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

— एक रहस्यकथाप्रेमी वाचक