विषय: एकाच वेळी लागलेल्या टेक्निकल फाऊलचा दंड तुमचे अॅप चुकीचा दाखवते

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

तुमचा बास्केटबॉलच्या डिजिटल स्कोअरशीटचा संच, म्हणजे टॅब, नोंद ठेवणाऱ्यांच्या टेबलावरचा कन्सोल आणि शॉट क्लॉकची (बास्केटकडे फेक करायला उरलेले सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाची) जोडणी, फोंडा आणि म्हापशातल्या आंतरशालेय व क्लब सामन्यांत वापरला जातो. एरवी त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही संघांना एकदम टेक्निकल (गैरवर्तनाचा, बिनसंपर्काचा फाऊल) लागला की मात्र त्याचा हिशेब कोलमडतो.

उदाहरण घ्या. चेंडू अ संघाकडे, पुढच्या कोर्टात, शॉट क्लॉकवर 9 सेकंद. अ-6 आणि ब-11 (अ संघाचा 6 आणि ब संघाचा 11 क्रमांकाचा खेळाडू) एकमेकांना डिवचतात आणि पंच दोघांनाही टेक्निकल देतात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांतील कलम 42 प्रमाणे दोन्ही दंड सारखे, म्हणून ते परस्परांत फिटतात. दोघांच्या रकान्यात ‘टी’ आणि शेजारी लहान ‘सी’ लिहायचा, दोन्ही संघांच्या टीम फाऊलमध्ये (क्वार्टरमधल्या संघाच्या एकूण फाऊलमध्ये) एकेकाची भर घालायची. फ्री थ्रो (दंडाची बिनअडथळा फेक) कोणालाच नाही. थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत देणे) अ संघाचा, खेळ थांबला त्याच्या जवळच्या जागेवरून, आणि शॉट क्लॉक 9 वरूनच पुढे.

तुमचे अॅप काय करते? एकामागून एक दोन फ्री थ्रोचे पडदे उघडते. ब-11 चा फाऊल बचाव करणाऱ्या संघाचा, म्हणून शॉट क्लॉक 14 करून मोकळे होते. प्रत्येक टेक्निकल स्वतंत्र धरला तर 14 बरोबर आहे, पण इथे दंडच उरलेला नसतो.

याहून गंभीर दोष ‘रद्द’ बटणाचा. ते दाबले की फाऊलच पुसला जातो. नियमाने दंड फिटला तरी फाऊल खेळाडूच्या नावावर राहतो. ब-11 चा तो दुसरा टेक्निकल असेल तर त्याला सामन्याबाहेर जावे लागते. तुमच्या पडद्यावर तो निर्धास्त खेळत राहतो. टीम फाऊलही एकाने कमी दिसतात, त्यामुळे पाचव्या फाऊलला मिळायचे दोन फ्री थ्रो सहाव्याला मिळतात. अटीतटीच्या चौथ्या क्वार्टरमध्ये यावरून टेबलाशी हुज्जत होणारच, आणि ती टेबलाच्या लोकांना ऐकून घ्यावी लागते, तुमच्या प्रोग्रामरना नाही.

तुमच्या मदतकक्षाने ‘दोन्ही फाऊल डबल फाऊलमध्ये टाका’ असे सुचवले आहे. ते चूक आहे. डबल फाऊलला दोन प्रतिस्पर्ध्यांत शारीरिक संपर्क लागतो, टेक्निकल हा बिनसंपर्काचा फाऊल. अमेरिकन शालेय नियमांत एकाच वेळच्या टेक्निकलची वेगळी व्याख्या आहे. अॅपचा मूळ आराखडा तिकडचा असावा असा आमचा संशय आहे. फिबात हा विषय ‘विशेष परिस्थिती’त येतो.

त्याच थांबलेल्या वेळेत ब संघाच्या मुख्य प्रशिक्षकालाही टेक्निकल लागला तर पहिले दोन फिटतात आणि तिसरा उरतो. अ संघाचा कोणताही खेळाडू एक फ्री थ्रो घेतो, रिबाऊंडसाठी कोणी उभे राहत नाही, मग थ्रो-इन अ संघाचाच. आता शॉट क्लॉक 14 करणे योग्य. प्रशिक्षकाचा फाऊल टीम फाऊलमध्ये मोजायचा नाही. तुमचे अॅप तोही मोजते.

आणखी एक उणीव. पहिल्या दंडाचा चेंडू फ्री थ्रो घेणाऱ्याच्या हाती गेला की तो दंड पुढच्या कोणत्याही दंडाशी फेडता येत नाही. म्हणजे दुसरा टेक्निकल त्यानंतर लागला तर दोन्ही फ्री थ्रो घ्यावेच लागतात. कन्सोलवर ‘चेंडू लाइव्ह’ (चेंडू खेळात आला) अशी कळच नाही, मग अॅपला हा फरक कळणार कुठून? शिवाय सगळे दंड फिटले की ते दर वेळी पझेशन अॅरो (चेंडू कोणाला द्यायचा ते पाळीपाळीने दाखवणारा बाण) फिरवते. खरे तर अॅरो तेव्हाच लागतो, जेव्हा चेंडू कोणाच्याच ताब्यात नसतो, कोणाला मिळणारही नसतो आणि त्याच सुमारास बास्केटही झालेला नसतो. बास्केट झाला असेल तर थ्रो-इन ज्याच्यावर झाला त्या संघाचा, त्याच्या एंडलाइनमागून.

आमच्या मागण्या: दंड फेडणे आणि फाऊल पुसणे यांना वेगळी बटणे द्या. घड्याळ थांबलेले असताना लागलेले सगळे फाऊल क्रमाने एका यादीत दाखवा आणि स्कोअररने मंजुरी दिल्याशिवाय शॉट क्लॉकला हात लावू नका. ‘चेंडू लाइव्ह’ची कळ तर हवीच. दुरुस्त आवृत्ती 30 दिवसांत मिळावी आणि तोवरच्या काळाइतकी वार्षिक वर्गणीची मुदत वाढवावी. मुदतवाढ जमत नसेल तर तेवढी रक्कम परत करा. दुरुस्ती होईपर्यंत अधिकृत नोंद कागदी स्कोअरशीटवरच होईल.

सोबत: चारही प्रसंगांतील पडद्यांची छायाचित्रे, खरेदीच्या बिलाची प्रत.

आपले,
पंच व टेबल अधिकारी,
फोंडा, गोवा