स्वतः पिकवलेले माळवे विकण्यासाठी मंडईत ओटे राखून ठेवावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करवीर तालुक्यात थोड्याशा जमिनीवर रासायनिक खते व औषधे न वापरता माळवे, म्हणजे भाजीपाला, पिकवणारी मी शेतकरी आहे. आमच्यासारख्या लहान शेतकऱ्यांना माल पिकवण्यापेक्षा तो विकणे अधिक जड जाते. त्यावर कोल्हापूर शहराला सहज करता येईल असा एक उपाय सुचवावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उसाच्या या पट्ट्यात माळवे करणारा शेतकरी एकाच वेळी अनेक पिके घेतो. पावसाळ्यात दोडका, कारली, पडवळ, काकडी; दिवाळीनंतर मेथी, चाकवत, शेपू, मुळा, वरणा, हरभऱ्याचे कोवळे शेंडे; उन्हाळ्यात पोकळा, अंबाडी, गवारी. निंबोळी अर्क किंवा दहा वनस्पतींच्या पाल्यापासून केलेला दशपर्णी अर्क किडीला आवर घालतो, पण तिचा पुरता नायनाट करत नाही, त्यामुळे पिकांची सरमिसळ आणि फेरपालट हाच आमचा मुख्य आधार असतो. शेतात उपयोगी पडणारी ही विविधता बाजारात मात्र अडचणीची ठरते. दोन बुट्ट्या दोडका आणि थोड्या पेंढ्या चाकवत एवढ्याशा मालाला बाजार समितीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, कोणी बोली लावत नाही, आणि लावली तरी हमाली व गाडीभाडे वजा जाता हाती फारसे उरत नाही. शिवाय सौद्यात भाव ठरतो तो मालाच्या दिसण्यावर. तो कसा पिकवला हे तेथे कोणी विचारत नाही. कोल्हापूरकरांना गुळाचा अनुभव आहेच: रसायन न घालता केलेला गूळ तांबूस-काळसर दिसतो आणि व्यापाऱ्याचा हात आधी पिवळ्या ढेपेकडे जातो.

‘सेंद्रिय’ असा फलक आज कोणीही लावतो, अशी ग्राहकांची तक्रार असते व ती खरी आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार सेंद्रिय म्हणून माल विकायचा तर प्रमाणीकरण लागते. मात्र वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाने आपला माल थेट ग्राहकाला विकला, तर त्यातून त्याला सूट आहे. हाच माल दुकानदाराच्या हाती गेला की प्रमाणपत्र आले. म्हणजे कायद्याने आम्हाला जी वाट मोकळी ठेवली आहे ती थेट विक्रीची, आणि शहरात नेमकी तिच्यासाठीच पुरेशी जागा नाही. ‘पीजीएस’ या प्रमाणीकरणाच्या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो, तेव्हा बांधापलीकडून काय येते हेही पाहावे लागते. शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारले आणि वारा आमच्या बाजूचा असला, तर टोमॅटोची व वेलभाज्यांची पाने वळतात. अशा गोष्टी ग्राहकाला समोरासमोरच सांगता येतात.

ग्राहकांनाही एक आग्रहाची विनंती आहे. आषाढ-श्रावणात मेथी, कोथिंबीर आणि टोमॅटोचा हट्ट धरू नये. आपल्याकडच्या संततधार पावसात पालेभाजी कुजते आणि टोमॅटोवर करपा येतो. त्या दिवसांत हा माल बाजारात भरपूर दिसतो, तेव्हा तो बहुधा लांबून आलेला असतो किंवा बुरशीनाशकाच्या बळावर वाचवलेला असतो. त्याच दिवसांत मांडवावरचा दोडका आणि कारली जोमात असतात, आणि कुर्डू, भारंगी, टाकळा या रानभाज्या निघतात. हंगामाप्रमाणे खाणारे ग्राहक मिळाले, तरच हंगामाप्रमाणे पिकवणारा शेतकरी टिकेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत महामार्ग बंद पडून बाहेरचा भाजीपाला शहरात पोचणे अवघड झाले होते. पुराच्या पाण्यापासून दूर, उंचावर असलेली जवळपासची माळव्याची शेते जितकी अधिक टिकतील, तितका अशा वेळी शहराला आधार राहील.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे बाहेर विकण्यास कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न बसायचे कोठे एवढाच आहे. रस्त्याकडेला बसलो तर वाहतुकीला अडथळा होतो आणि उन्हात माल सुकतो. महापालिकेने कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरी मंडईतील काही ओटे आठवड्यातून दोन सकाळी केवळ स्वतःचा माल विकणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत. व्यापारी त्यात शिरू नयेत म्हणून सातबारा पाहावा आणि ई-पीक पाहणीतील (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदीतील) नोंदीशी समोरचा माल ताडून पाहावा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर जमीन असलेल्या बायकांना मात्र त्या कारणाने परत पाठवू नये. बुट्ट्या घेऊन येणाऱ्यांत त्या पुष्कळ असतात. त्या पहाटेच्या एसटीने येतात, म्हणून ओट्यांवर सावली, नळाला पाणी आणि पहाटेपासून उघडे असलेले स्वच्छतागृह एवढी सोय त्याच वेळी व्हावी.

आपली विश्वासू,
एक भाजीपाला उत्पादक शेतकरी
(ता. करवीर, जि. कोल्हापूर)