पारिजातांच्या कवितेपर्यंत नेणाऱ्या दिदींना

आदरणीय दिदी,
सप्रेम नमस्कार.

नेपाळी कवयित्री आणि कादंबरीकार पारिजात यांच्यावरचा माझा लेख अखेर दिवाळी अंकाच्या संपादकांच्या हाती पडला. लेखात कुठेही आपले नाव येऊ नये, असे आपण बजावले होते आणि ते मी पाळले आहे. परंतु आभारच मानायचे नाहीत असे काही आपले ठरले नव्हते, म्हणून हे उघड पत्र.

काठमांडूच्या आपल्या पत्त्यावर मी पहिल्यांदा लिहिले, तेव्हा माझी मागणी अगदी माफक होती. 'शिरीषको फूल' ही कादंबरी मी १९७२ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादातून वाचली होती आणि मूळ नेपाळीतले काही उतारे मला पडताळून पाहायचे होते. १९६५ सालच्या या कादंबरीला मिळालेला मदन पुरस्कार हा नेपाळमधला मानाचा साहित्य पुरस्कार, तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून पारिजातांचे झालेले नाव, ब्रह्मदेशातल्या लढाईहून परतलेला सुयोगवीर आणि चष्मा लावणारी, सिगारेट ओढणारी, कोणाचीच भीड न बाळगणारी सकम्बरी, एवढ्यावर माझा लेख बेतलेला होता. उतारे तर आपण पाठवलेच, पण त्यांच्यासोबत कवितांची पाने पाठवली आणि कादंबरी तर सगळेच वाचतात, आधी कवयित्री वाचा, असे सुचवले. एका पानाची शेवटची ओळ फोटोत कापली गेली होती, हे माझ्या लक्षात येण्याआधी आपल्याच लक्षात आले आणि त्याच रात्री त्या पानाचा दुसरा फोटो आला. कोपऱ्यात पान दाबून धरलेला आपला अंगठाही त्यात दिसत होता. लिपी देवनागरीच असल्यामुळे मला ती पाने घडाघडा वाचता येत होती, समजत मात्र निम्मीशिम्मीच होती. उरलेला अर्थ आपण फोनवर कविता सावकाश वाचून दाखवत पुरा केलात.

नेपाळी पुस्तकांवर सालही विक्रम संवताचे असते. २०४४ मधून ५७ वजा केले की 'पारिजातका कविता' या संग्रहाचे १९८७ हे साल हाती येते, हे तसे सोपे. पण वर्ष वैशाखात बदलत असल्यामुळे कधी ५६ वजा करायचे आणि कधी ५७, हा घोळ आमच्या शके मोजणाऱ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आपण सनावळीची एक वहीच करून दिलीत. १९३७ साली दार्जिलिंगच्या चहाच्या मळ्यांच्या मुलखात, वाइबा आडनावाच्या तामाङ कुटुंबात जन्म, पाळण्यातले नाव विष्णुकुमारी, १९५४ साली काठमांडूला येणे, तरुणपणीच जडलेल्या आजाराने पांगळे झालेले शरीर, अविवाहित आयुष्यात बहीण सुकन्या यांनी दिलेली साथ आणि १९९३ सालच्या एप्रिलमधला मृत्यू हे सगळे त्या वहीत होते. दार्जिलिंगच्या बालपणासाठी 'धुपी, सल्ला र लालीगुराँसको फेदमा' हे त्यांचे आठवणींचे पुस्तक पाहावे, हेही आपणच सुचवले.

आपले सर्वांत मोठे ऋण मात्र वेगळेच आहे. पारिजातांच्या लेखनाचे दोन तुकडे करण्याची समीक्षेतली पद्धत मी निमूटपणे उचलली होती: आधीची अस्तित्ववादी, निराशावादी, शून्यवादी पारिजात आणि नंतरची मार्क्सवादी, प्रगतिशील पारिजात. आपण त्यावर वाद घातला नाही, फक्त 'लाहुरेलाई एक रोगी प्रेमिकाको पत्र' ही कविता पुढे ठेवलीत आणि लाहुरे म्हणजे परक्या देशाच्या पलटणीत भरती झालेला डोंगराकडचा गडी, एवढे सांगून गप्प राहिलात. कवितेतली आजारी प्रेयसी त्या लाहुऱ्याला लिहिते आहे. तिचे ते पत्र वाचल्यावर मी पुन्हा सुयोगवीराकडे वळलो, तेव्हा तो वेगळाच दिसला. कादंबरीत ब्रह्मदेशातल्या स्त्रियांवर स्वतः केलेल्या अत्याचारांच्या आठवणी तोच सांगतो, अपराधाचा सल त्याचा आणि पोकळीही त्याचीच. कवितेत मात्र बोलणारी ती आहे, तोही पलटणीतला गडी आहे आणि त्याने फक्त ऐकायचे आहे. माझे घर साताऱ्याकडच्या एका गावातले, जिथून घरटी एक माणूस फौजेत जातो आणि मनीऑर्डरीवर घरे उभी राहतात. तरीही मागे राहिलेल्या बाईने हिशेब मांडलेला माझ्या वाचनात फारसा आला नव्हता.

त्यानंतर १९८६ सालच्या कथासंग्रहाचे 'साल्गीको बलात्कृत आँसु' (साल्गीचे बलात्कृत अश्रू) हे शीर्षक पाहिले, तेव्हा धागा कुठेही तुटलेला नाही याची खात्री पटली. कादंबरीत स्त्रीवरचा अत्याचार एका माणसाच्या मनातला सल होता, पुढे तो समाजाच्या रचनेवरचा आरोप झाला. बदल झाला, आणि मोठाच झाला, पण एका पारिजातने दुसरीला हाकलून लावले असे काही घडले नाही. माझ्या लेखाचा गाभा आता हाच आहे आणि तो आपल्यामुळे आहे. (ही मांडणी नेपाळी समीक्षकांना पटेलच असे नाही, आपल्यालाही ती सगळी पटलेली नाही, हे मला ठाऊक आहे.)

राल्फा या तरुण कवी-गायकांच्या चळवळीविषयी आपण जे सांगितले त्याला लेखात दोनच परिच्छेद मिळाले, त्याची रुखरुख आहे. रमेश, मञ्जुल, रायन ही तरुण मंडळी पारिजातांभोवती जमली. त्यांतले काही पुढे डोंगरातल्या गावांतून जनतेची गाणी गात हिंडले. राजा महेंद्रांनी १९६० साली संसद बरखास्त केल्यावर पक्षांवर बंदी आली आणि सत्ता राजाच्या हाती ठेवणारी पक्षविरहित पंचायती राजवट १९९० पर्यंत टिकली. त्या काळात उघडपणे राजकारण बोलायची सोय नसलेल्या लोकांसाठी कविता आणि गाणे यांचे मोल किती वाढले असेल, हे आपल्या आवाजातूनच मला कळले. ज्यांना धड चालताही येत नव्हते त्या पारिजात तुरुंगातल्या राजबंद्यांसाठी 'बन्दी सहायता नियोग' चालवत होत्या, प्रगतिशील लेखकांच्या आणि स्त्रियांच्या संघटनांत काम करत होत्या, हे मी इंग्रजी अनुवादाच्या आधारे लिहीत राहिलो असतो तर लेखाच्या एखाद्या ओळीत उरकून टाकले असते. आजारी लेखिकेविषयी कणव दाखवणे सोपे असते; आपण मला तसे करू दिले नाही, आजाराच्या वर्णनाचा माझा पहिला खर्डा लाल शाईने जवळपास निम्मा केलात आणि मोकळी झालेली जागा कामाला दिलीत.

कवितेच्या मराठी अनुवादाचे तीन खर्डे मी या पत्रासोबत वेगळ्या पाकिटात पाठवत आहे. तिसऱ्या खर्ड्यात दुसरे कडवे अजून अडते आहे, ते आपण आपल्या पेन्सिलीने दुरुस्त करून धाडावे. अंक छापून आला की दोन प्रती टपालाने रवाना करीन. एक आपली आणि एक, आपण म्हणाला होता त्याप्रमाणे, आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी. 'बोनी' ही कादंबरी आपल्याकडे असल्यास तिची पहिली पाने सवडीने पाठवावीत, घाई नाही.

आपला कृतज्ञ,
पुण्यातील आपला वाचक