मधली शांतता छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वादळ येऊन गेलं की आपण वाचकांचे अनुभव छापता. मी ते आवर्जून वाचते, आणि काही वाचून हसूही येतं, कारण आमच्या घरातही असा एक कथेकरी होता. मी सात वर्षांची असताना चक्रीवादळात मामाच्या घराचा पत्रा उडाला. त्या वर्षी तो शेजारच्या अंगणात पडला होता. माझं लग्न होईपर्यंत तो नदीपलीकडे पोचला. गोष्ट सुरू झाली की मामी उठून आत जायची.

पण त्या गोष्टीचा एक भाग मामाने कधीच वाढवला नाही. मध्यरात्री वारा एकाएकी पडला, पाऊस थांबला, वर चांदण्या दिसायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मामा शिडी घेऊन छपराकडे निघाला, तर आजोबांनी त्याला दंडाला धरून आत ओढलं. म्हणाले, "अर्धंच झालंय." तासाभराने वारा परत आला, तो उलट्या बाजूने. शिडी काही सापडली नाही.

आजोबांनी तरुणपणी अशाच शांततेत घराबाहेर पडलेला एक माणूस पाहिला होता. त्याच्याबद्दल ते फारसं बोलत नसत.

ती शांतता म्हणजे वादळाचा डोळा, हे मला पुढे पुस्तकात कळलं. त्याचा व्यास बहुधा ३० ते ६५ किलोमीटर असतो. ३० किलोमीटरचा डोळा ताशी १५ किलोमीटरने सरकत बरोबर डोक्यावरून गेला, तर दोन तास शांत जातात. कडेने गेला तर कमी. मात्र सगळ्यांत जोराचा वारा डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीतच असतो, आणि पलीकडची भिंत यायची बाकी असते. आधीच्या वाऱ्याने एका अंगाला खिळखिळं केलेलं झाड किंवा छप्पर मग दुसऱ्या अंगाने हिसडलं जातं. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यांच्यावरचा वाऱ्याचा दाब चौपट होतो.

छापून येणाऱ्या अनुभवांत आवाज असतो, पडझड असते. ही मधली वेळ मात्र "थोडा वेळ वारा थांबला" एवढ्यात उरकलेली दिसते. त्या वेळात तुम्ही काय केलंत, बाहेर कोण गेलं, कोणी अडवलं, हे लोकांना मुद्दाम विचारा ना!

मामा आता नाही. त्याचा पत्रा हवा तर परत शेजारच्या अंगणात आणून ठेवा, पण शिडीचा भाग कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक