पिशवीतले कागद वाचून दिल्याबद्दल: तात्यांना आभारपत्र

आदरणीय तात्या,

सादर नमस्कार.

तुमच्या पडवीत बसून आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही "आधी चहा घ्या" म्हणून विषय बदललात, म्हणून आज लिहायला बसले आहे. हे पत्र उघडपणे लिहिण्यास कारण आहे. हर्णै ते आंजर्ले या पट्ट्यात किती घरांच्या माळ्यावर आमच्यासारखीच एखादी पिशवी गाठ मारून ठेवलेली आहे, हे मला ठाऊक आहे. त्या घरांपर्यंत तुम्ही सांगितलेले पोहोचावे, असे मनापासून वाटते.

आमची पिशवी प्लास्टिकची होती आणि तिला सुक्या बोंबलांचा वास लागलेला होता. २०१८ पासून आलेली प्रत्येक नोटीस, प्रत्येक पावती आणि न फोडलेले प्रत्येक पाकीट मी तीत टाकत गेले होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराचे पत्रे उडाले, भांडी उडाली, पण ही पिशवी मात्र पेटीत शाबूत राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा एकूण देणे किती, हेसुद्धा मला सांगता आले नाही. विचारलेत तेव्हा मी नुसती मान खाली घातली होती.

तुम्ही रागावला नाहीत. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने अशा बाईला चार शब्द सुनवावेत, अशी तयारी ठेवूनच मी आले होते. तुम्ही सगळे कागद जमिनीवर पसरलेत, घराघराप्रमाणे लावावेत तसे त्यांचे वेगळे गठ्ठे केलेत आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याने ते उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर वाडीतली एकेक सोललेली सुपारी ठेवलीत. मग प्रत्येक गठ्ठ्याला हात लावून एकच प्रश्न विचारलात: "हे दिले नाही, तर काय होईल, आणि कोणाचे होईल?"

तोपर्यंत मी उलटे करत होते. जो जास्त ओरडेल, त्याला आधी पैसे देत होते. रात्री साडेनऊला फोन करून शिव्या देणाऱ्या वसुलीवाल्याला गेल्या चतुर्थीच्या आधी मी घरखर्चातले ५०० रुपये पाठवायला निघाले होते, आणि ज्याने सहा महिने तोंडातून एक शब्द काढला नाही, त्या माणसाच्या पगारातून दरमहा २,००० रुपये आमच्यामुळे कापले जात होते.

तो माणूस म्हणजे यजमानांचे आतेभाऊ. २०१७ मध्ये यजमानांनी जाळी आणि इंजिनाच्या कामासाठी पतसंस्थेतून ८०,००० रुपये घेतले, तेव्हा ते जामीन राहिले. एस.टी.त वाहक असलेल्या माणसाची पगारपावती म्हणजे भक्कम जामीन, असे तेव्हा सगळेच आनंदाने म्हणाले होते. पुढे होडी विकावी लागली, यजमान दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ लागले आणि हप्ते थांबले. जुने कर्ज काही वर्षांनी आपोआप बुडते, असे मला कोणीतरी सांगितले होते व मी त्यावर विसंबून होते. सहकारी संस्थेच्या सभासदाला तसे म्हणता येत नाही, हे तुम्ही समजावलेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडील येण्याची मुदत तो सभासद वारल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून मोजतात. तोवर ते येणे जिवंतच असते. शिवाय कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला, की संस्थेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे संस्थेने आधी आमच्या दारात यायला हवे होते, असे म्हणण्याची सोय नव्हती. ज्याच्याकडे पगार होता, त्याच्याकडे ती गेली.

आतेभावांच्या पत्नी, म्हणजे माझ्या जाऊबाई, यांनी त्या वर्षी गौरीच्या ओवशाला, म्हणजे सूप भरून गौर पूजायला, आमच्याकडे यायचे टाळले होते. त्याचा अर्थ मला तुमच्या पडवीत त्या दिवशी लागला. मी रडू लागले, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. सुपारी त्या गठ्ठ्यावरून उचललीत आणि गठ्ठाच सर्वांत पुढे आणून ठेवलात.

दुसरा गठ्ठा माझ्या आईच्या पाटल्यांचा. एकेक तोळ्याच्या दोन पाटल्या बँकेत तारण होत्या, ३८,००० रुपयांचे कर्ज व्याजासह ४७,००० वर गेले होते आणि लिलावाची नोटीस न उघडलेल्या पाकिटात पडून होती. दोन्ही वाचवायच्या म्हणून मी नवे कर्ज काढायला निघाले होते. गटाच्या कर्जाचा अर्ज घेऊन एक मुलगी दारात येऊनही गेली होती. तुम्ही तिच्या अर्जावरचे उत्पन्नाचे रकाने मला वाचून दाखवलेत आणि सांगितलेत, की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कर्जात घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि आमचे आधीचेच त्याच्या पलीकडे गेले आहेत. मग सोन्याचा भाव विचारलात. तोळ्याला ७०,००० च्या वर होता. तुमच्या ओळखीच्या सराफांनी बँकेत पैसे भरून दोन्ही पाटल्या सोडवल्या, एक घट वजा करून ६५,००० ला घेतली आणि दुसरी माझ्या हातात दिली. एक पाटली गेली, याचे मला आजही वाईट वाटते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण लिलावात दोन्ही गेल्या असत्या. उरलेल्या १८,००० मधले १,००० वीजबिलात गेले आणि १७,००० तुम्ही त्याच दिवशी पतसंस्थेत माझ्या हाताने भरायला लावलेत.

पतसंस्थेतली ती सकाळ मी विसरणार नाही. मुद्दल ४६,००० आणि व्याज व खर्च ३८,००० अशी थकबाकी होती. तुम्ही लिहून दिलेला अर्ज मी संचालकांपुढे वाचला. त्यात दोन वर्षांची खरी मिळकत होती, कुठलीही रडकथा नव्हती. १७,००० ची पावती सोबत जोडलेली होती, म्हणून त्यांनी ऐकून घेतले, असे मला वाटते. व्याजात सूट देऊन ६२,००० वर तडजोड झाली आणि उरलेल्या ४५,००० चे हप्ते ठरले. तिथे तुम्ही एकाच गोष्टीवर अडून बसलात. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत यजमानांना पगार नसतो, माझे शिवणही शाळेच्या गणवेशांपलीकडे चालत नाही. तेव्हा हप्ता ऑक्टोबरच्या मिळकतीवर न ठरवता आषाढातली चूल बघून ठरवा, असे तुम्ही त्यांना सांगितलेत. दहा महिने २,५०० आणि पावसाच्या दोन महिन्यांत १,००० असे लेखी झाले, आणि हप्ते नियमित आहेत तोवर आतेभावांची पगारकपात थांबवण्याचे पत्रही त्याच बैठकीत घेतलेत. आमच्यासारख्यांचे हप्ते बहुतेक वेळा पहिल्याच पावसाळ्यात मोडतात आणि मग माणूस पुन्हा पिशवीला गाठ मारतो. म्हणून या एका गोष्टीसाठी मी तुमची सर्वांत अधिक ऋणी आहे.

तिसरा गठ्ठा सावकाराचा, तो थोडक्यात लिहिते. वादळानंतर पत्र्यांसाठी घेतलेल्या २०,००० वर शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ टक्के, या दराने मी २६,००० व्याज दिले होते आणि मुद्दल तसेच उभे होते. वर कोऱ्या स्टॅम्पपेपरवर यजमानांची सही. परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाप्रमाणे गुन्हा असून त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते व तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते, हे तुम्ही त्यांच्याच ओटीवर बसून शांतपणे सांगितलेत. शिमग्यापर्यंत तीन फेऱ्या झाल्या आणि तो कागद परत आला. तो मी चुलीत घातला.

आता चौथा गठ्ठा. यावर तुमचे आणि माझे थोडे मतभेद झाले, आणि ज्यांच्याकडे असे जुने देणे आहे त्यांना याचीच माहिती अधिक हवी असते, म्हणून सविस्तर लिहिते. २०१६ मध्ये आम्ही मासळीसाठी मोठा फ्रीज एका खासगी वित्त कंपनीच्या हप्त्यांवर घेतला. मार्च २०१८ नंतर एकही हप्ता गेला नाही. शेवटच्या हप्त्याची तारीख ऑगस्ट २०१८ ची होती, देणे ९,३०० उरले होते आणि आता मागणी ४१,००० ची होती. वसुलीवाला म्हणत होता, "५०० भरा, एका पत्रावर सही करा, बाकीचे नंतर बघू." तुम्ही आधी तीनदा विचारलेत, की न्यायालयाचे समन्स, लवादाची नोटीस किंवा कोणाला दिलेला चेक असे काही आहे का, कारण चेक न वटल्याची नोटीस आली असती, तर पंधरा दिवसांत पैसे भरावे लागतात आणि ते प्रकरण फौजदारी होते. तसे काही नव्हते. मग पंचांग काढावे तसे कॅलेंडर काढून बोटांवर मोजलेत: मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा पैशांच्या दाव्याला ३ वर्षे, त्यातून करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने वगळलेला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ बाजूला काढला, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये मुदत संपलेली होती. अशा संपलेल्या देण्याबद्दलही "मी देईन" असे लिहून सही केली, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो आणि कंपनीला पुन्हा नव्याने दावा करता येतो. ती सही मी करायला निघाले होते, ५०० रुपयांसकट.

त्याच बैठकीत आणखी दोन भीती गेल्या. शिलाई मशीन उचलून नेऊ, अशी धमकी होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारे न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी जप्त होत नाहीत, असे तुम्ही सांगितलेत. तुरुंगात टाकू, अशीही धमकी होती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हे कलम ५६ तुम्ही मला पुस्तकात बोट ठेवून दाखवलेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक लिहून आपण कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र धाडले. फोन थांबले. त्या रात्री यजमान बऱ्याच दिवसांनी सलग झोपले.

मतभेद झाला तो पुढच्या प्रश्नावर. मुदत संपली म्हणून देणेच संपले का, असे मी विचारले. न्यायालयाचे दार बंद होते, देणे वहीत राहते आणि पतअहवालातही दिसत राहते, असे तुम्ही म्हणालात. आणि द्यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा, असेही म्हणालात. मला वाटत होते, तुम्ही सांगून मोकळे करावे. फ्रीज आम्ही वापरला होता, बर्फाचे पैसे त्याने वाचवले होते. शेवटी मी असे ठरवले, की जामीनदार आणि गावातली उधारी फिटेपर्यंत या गठ्ठ्याला हात लावायचा नाही, कशावरही सही करायची नाही, आणि पुढे हाती पैसा उरलाच, तर ९,३०० च्या आसपास एकरकमी तडजोडीचे पत्र कंपनीकडून आधी लेखी घेऊन मगच द्यायचे. माझ्या जागी तुम्ही असतात, तर कदाचित दिले नसतेत. पण माझा निर्णय तुम्ही वहीत माझ्याच शब्दांत लिहून घेतलात, याचे मला फार मोल वाटते.

शेवटचे पान तुम्ही "ज्याचा कागद नाही" असे नाव देऊन उघडलेत. किराणा दुकानदारांचे ११,४०० आणि आतेभावांच्या पगारातून सहा महिन्यांत गेलेले १२,०००. या दोघांपैकी कोणीही कधी नोटीस पाठवली नव्हती. वादळानंतर तीन महिने त्या दुकानातून तांदूळ आला होता. दुकानात आता पावसाचे दोन महिने सोडून दरमहा ५०० जातात.

या गणपतीपर्यंत पतसंस्थेच्या ४५,००० पैकी १७,००० फिटले, २८,००० राहिले आहेत. ते संपले, की त्याच हप्त्याचे पैसे आतेभावांना द्यायचे, असे ठरले आहे. ते नको म्हणतात, यजमान ऐकत नाहीत. जाऊबाई यंदा ओवशाला आल्या. सूप त्यांनी माझ्याच हातात दिले आणि माझ्या हातातल्या एका पाटलीकडे बघून काही न बोलता आत जाऊन मोदकांच्या पाऱ्या करायला बसल्या.

चौथ्या गठ्ठ्यावरची सुपारी तुम्ही परत घेतली नाहीत. ती अजून आमच्या देवळीत, त्या कागदांवर आहे. पुढच्या महिन्यात वही घेऊन येते. काकूंसाठी थोडे सुकट निवडून ठेवले आहे, तेवढे मात्र नाही म्हणू नका.

आपली नम्र,
तुमच्या पडवीत पिशवी घेऊन आलेली शिवणवाली